मागच्या वर्षीच्या झावळ्या

उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या आधी आमच्या चर्चच्या एक बाई कापडी पिशवी घेऊन पॅरिशमध्ये घरोघर फिरतात. मागच्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मिळालेल्या, वर्षभर क्रूसामागे खोचून ठेवलेल्या वाळक्या झावळ्या गोळा करतात. त्यांचीच राख फादर कपाळाला लावतात. गाझियाबादेत आम्ही मराठी कॅथलिक मोजकेच, पण बाई सरकारी नोकरीतून रिटायर झालेल्या, त्यामुळे सगळ्यांनाच दमात घेतात. बसत नाहीत, चहा घेत नाहीत. झावळी हरवली म्हणालात की दारातूनच, "अच्छा! टीव्हीचा रिमोट बरा हरवत नाही तुमचा?"

गेल्या वर्षी जानेवारीच्या थंडीत बायको गेली, तेव्हापासून मी देवळात पाऊल टाकलं नव्हतं. यंदा बाई आल्या तेव्हा मी एवढंच म्हटलं, "नाहीये." आता ऐकून घ्यावं लागणार, म्हणून मान खाली घातली. त्या क्रूसामागच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या, "चलो" म्हणाल्या आणि गेल्या.

झावळ्यांच्या रविवारी दुपारी बेल वाजली. बाई हिरवीगार झावळी घेऊन आत आल्या, खुर्ची ओढून तिच्यावर चढल्या आणि त्यांनी स्वतःच झावळी क्रूसामागे खोचली.

"सांभाळा हं. पुढच्या वर्षी न्यायला येणारे मी."

आता जून आहे. बाहेर गरम वाऱ्याची लू चाललीय. पंखा जोरात लावला की झावळी खाली पडते, म्हणून मी तो एकवर ठेवतो आणि घाम पुसत बसतो.