माकुलाचं हाड आणि माझा नवस

घरात एक संशोधक असला ना, की किस्से शोधावे लागत नाहीत. भरतीच्या शिंपल्यांसारखे दारात येऊन पडतात! आता हेच बघा. चैत्रात मी देवापुढे नारळ ठेवून बोलून बसले, "माझ्या सायलीचं हाड जमेपर्यंत मासे वर्ज्य!" तारकर्लीत राहून! आमचे हे म्हणाले, "अगो, देवाक तरी खरा वाटतला काय?"

सायली माझी लेक. पुण्याला प्रयोगशाळेत असते. माकूल म्हणजे मऊ अंगाचा, बऱ्याच पायांचा समुद्री जीव. त्याच्या पाठीत पांढरं, हलकं, बारीक भोकांचं हाड असतं, त्याचं ती सिरॅमिक बनवते आणि भोकांत पाणीदार जेल भरते. मोडक्या हाडाच्या खाचेत हा मांडव बसवला, की दोडक्याच्या वेलासारखं खरं हाड त्यावर चढतं आणि मांडव हळूहळू विरून जातो. निदान तसं व्हायला हवं! तीनदा हाडाच्या पेशी त्याला चिकटल्याच नाहीत. चौथ्यांदाही नाही जमलं, तर विषयच सोडायचा होता तिला.

*

"आई, खूप हाडं लागतील गं," तिचा फोन. झालं! आठवडाभर अख्खी वाडी माकुलं खात होती. आणि आमच्या घरी रांधत कोण होतं? मी! मिठाचा अंदाज वासावर!

शेजारची रोझीबाय कळवळली. "तुझो एकटो देव खंय खंय धावतलो? मी पण चर्चातल्या माझ्या सायबिणीक सांगलंय. मासो खावचंय नाय!"

*

हाडं धुवून सुपात वाळत ठेवली होती. पर्यटकांना भाड्याने देतो त्या आमच्या खोलीत उतरलेल्या एका पाहुण्याने जाता जाता एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

"काकू, कुरकुरीत झालंय, पण मीठ कमी आहे हं!"

म्हटलं, "दादा, तो कुणाचा तरी गुडघा व्हायचा होता!"

*

सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. सायली सुट्टीला आल्यावर पाय पसरून बसल्या, "बसव एक माझ्या गुडघ्याक."

"आजी, माणसांपर्यंत यायला अजून खूप वर्षं लागतील गं."

"लागांदेत. मी खंय जातंय?"

*

हाडं न्यायला सायलीचे सर स्वतः आले. तीनदा "पुन्हा करा" म्हणणारे तेच! त्यांना घेऊनच देवळात गेलो. गावकाराने, म्हणजे गावच्या मानकऱ्याने, देवाला गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! ह्या चेडवाच्या, आमच्या सायलीच्या कामात जो कोण आडवो येत असात, त्याका बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज सरांचा!

*

आणि मग तो फोन आला. "आई, चिकटल्या! पेशी चिकटल्या! मांडव भरलाय!" मी रडले, हसले, देवापुढे नारळ वाढवला. नवस फिटला!

पण दिवस कुठला? श्रावणातला पहिला सोमवार!

मी पडवीत वरणभातावर उपास सोडत होते. इतक्यात रोझीबाय माकुलाच्या रश्श्याचं वाफाळतं भांडं घेऊन आली आणि समोर मांडी घालून बसली.

"तुझो श्रावण, माझो न्हय!"

दोन वाट्या चाटूनपुसून संपवल्यान. मग उठली, विहिरीवर जाऊन पांढरंशुभ्र हाड धुतल्यान आणि माझ्या तळहातावर ठेवल्यान.

"घे गो, ह्यो तुझो वाटो!"

बायांनो, लेकरांच्या कामासाठी एखादा नवस तुम्हीही बोला. अगदी मनापासून बोला. फक्त आधी पंचांग बघा!