गुरुजींची बोटं आणि हिरड्या

दातांच्या खुर्चीत बसले की गुरुजी तोंड घट्ट मिटायचे आणि दोन्ही हात माझ्यापुढे पसरायचे. "मॅडम, दुखून राह्यले हे. तोंड काऊन पाहता?"

सांध्यांच्या डॉक्टरांनी त्यांना माझ्या वर्ध्याच्या दातांच्या दवाखान्यात धाडलं, हाच त्यांना अपमान वाटे. आमवातानं बोटं सुजलेली, सकाळी सदऱ्याची गुंडी लागेना. पण खरं दुःख वेगळंच होतं. भजन मंडळात तीस वर्षं खंजिरी वाजवणाऱ्या माणसाच्या हाती आता टाळ आले होते. "टाळ तं कोणीबी कुटते," ते म्हणायचे. खंजिरी परत मिळाली नाही तर हा माणूस खचणार, हे मला दिसत होतं.

तोंड उघडलं तेव्हा हिरड्या फुगलेल्या, नुसता हात लावला तरी रक्त. शाळेत पोरांच्या खिशातून तंबाखू-सुपारीचा खर्रा जप्त करणारे गुरुजी निवृत्त झाल्यावर स्वतः रोज दोन पुड्या संपवत. बोटं दुखतात म्हणून तो बायकोकडून घोटून घेत!

मी समजावलं, हिरड्यांतले काही जंतू शरीरातल्याच प्रथिनांचं रूप बदलतात. मग शरीराला आपलेच लोक परके वाटतात आणि ते सांध्यांवर तुटून पडतं, असं मानतात.

"म्हणजे भांडण त्या मोहल्ल्यात, अन् गोटे माह्या घरावर?"

इतकं नेमकं आमच्या प्राध्यापकांनीही सांगितलं नव्हतं.

खर्रा सुटला, हिरड्या साफ झाल्या, सांध्यांच्या गोळ्या चालूच होत्या. बोटं हलकी झाली. गुरुजींनी सगळं श्रेय मला दिलं आणि गोळ्या बंद केल्या. वर गावातले गुडघेदुखीवालेही माझ्याकडे पाठवू लागले. महिन्याभरात बोटं पुन्हा फुगली. मी चांगलीच ओरडले.

"मले वाटलं, मूळच उपटलं," ते खाली मान घालून म्हणाले. त्या दिवसापासून गोळ्यांचा ताबा बायकोकडे गेला.

दिवाळीनंतर मंडळानं त्यांना खंजिरी दिली. मी मुद्दाम गेले. पहिलं भजन असं रंगलं की बायाही डोलायला लागल्या. दुसऱ्याला बोटं अडली. त्यांनी खंजिरी शेजाऱ्याकडे सरकवली, टाळ उचलले आणि दुप्पट मोठ्यानं गायला लागले.

"एक तं झालं ना, मॅडम?" नंतर त्यांनी विचारलं. माझे डोळे भरून आले होते.

"आता तुम्ही काऊन रडून राह्यल्या? बोटं तं माह्ये दुखून राह्यले!"

या उन्हाळ्यात गुरुजी झोपेतच गेले. खंजिरी चांगल्या हातात आहे, ठेका कुठे चुकत नाही. मी अजूनही मंडळात जाते, मात्र पहिलं भजन संपलं की उठते.