सरांच्या टाचणीपासून दूर

डॉ. अरुणा सबनीस यांना मलेरियाची भीती नव्हती. भीती होती ती विभागप्रमुख नंदकिशोर सरांची, आणि तिच्यावर औषध निघालेलं नव्हतं. अरुणाची नेमणूक तात्पुरती. दर जूनमध्ये सरांच्या सहीने ती वर्षभर लांबायची. बेलापूरच्या त्या कॉलेजात साथरोगशास्त्र विभागाचा एकही शोधनिबंध सरांच्या नावाशिवाय छापला जात नसे. विभागातल्याच ऋता कामतने एकदा तसा छापला. तेव्हापासून तिच्या टेबलाशी कुणी थांबेना. संसर्ग कसा टाळायचा, हे त्या विभागाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तरीही सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात अरुणा रविवार साधून ऋताबरोबर खारघरच्या बांधकामांवर मजुरांचं रक्त तपासत हिंडली. कॉलेजात मात्र दोघी ओळख दाखवत नसत. डबेसुद्धा वेगवेगळ्या खोल्यांत उघडत.

दिवाळीनंतर विद्यापीठातून एक पाहुणे आले. विभागात कोण कोणाबरोबर संशोधन करतं, हे त्यांना बघायचं होतं. फळ्यावर प्रत्येकाच्या नावाची टाचणी लावून, हातात एकेक दोरा देऊन त्यांनी सांगितलं, की आपापला दोरा जोडीदाराच्या टाचणीला बांधा. जो एकटा उरेल, त्याची जागा ठेवायची का, ते पाहू. मंडळी उठली. सगळे दोरे सरांच्या टाचणीकडे गेले. अरुणाचाही गेला.

शेवटी ऋताची पाळी आली. तिने अरुणाकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी एकटीच काम करते," म्हणाली, आणि दोरा टेबलावर ठेवून दिला.

म्हणजे अरुणा सुटली होती. पण पाहुण्यांनी ऋताची टाचणी उपटायला हात पुढे केला, आणि अरुणा उठली. टेबलावरचा दोरा तिने दोघींच्या टाचण्यांना बांधला. गाठ दोनदा सुटली.

"खारघरचं काम आम्ही दोघींनी केलंय."

सर हसले. ते चिडले असते तर बरं झालं असतं. "छान की, मॅडम. आम्हाला सांगायचं तरी. बोलू जूनमध्ये, निवांत."

जून अजून लांब होता. आता तो रोज उजाडणार होता.

दुपारी अरुणाच्याही टेबलाशी कुणी थांबलं नाही. ऋता तेवढी डबा घेऊन आली आणि समोर बसली.

"अक्कल गहाण टाकलीस का गं?"

"टाकली. तू निबंध छापलास तेव्हा घाबरली नव्हतीस?"

"अजून घाबरलेलीच आहे. बोंबील आणलेत, उघड."

अरुणाने ओढून पाहिलं, निघेना. झाकण शेवटी ऋतानेच काढून दिलं.