कृष्णेच्या वाळूतली अंडी

"ही शेवटची दोन पानं काढा आणि सही करून द्या," आमचे साहेब माझा रिपोर्ट जीपच्या बॉनेटवर ठेवत म्हणाले.

"का, सर?"

"अहो, त्यात घरटी लिहिलीत तुम्ही. मला तर समोर एकही दिसत नाही."

आम्ही कराडच्या खाली कृष्णेच्या काठावर उभे होतो. दुष्काळानंतरचं तिसरं वर्ष, चैत्र संपत आलेला. पाणी आटून पात्रात वाळूचं लांबलचक बेट उघडं पडलं होतं. मी सरकारी खात्यात ज्युनिअर सायंटिस्ट होते. नदीकाठच्या पक्ष्यांच्या सर्व्हेचं काम माझ्याकडे होतं. एका वसाहतीच्या बांधकामाला या बेटावरची वाळू हवी होती आणि आमच्या खात्याचं 'हरकत नाही' एवढंच यायचं राहिलं होतं.

साहेबांना घरटी दिसत नव्हती, कारण नदीसुरय आणि चिखल्या हे पक्षी झाडावर घरटं बांधतच नाहीत. वाळूत पोटानं घासून वाटीएवढा खळगा करतात आणि त्यात अंडी घालतात. अंडी वाळूच्याच रंगाची, वर ठिपके. दोन हातांवरून पाहिलं तरी गोटेच वाटतात. हे साहेबांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मला त्यांनीच तर शिकवलं होतं. म्हणून जास्त संताप आला.

"चला, दाखवते," मी म्हणाले.

साहेब जीपपाशीच थांबले. बांधकामाचे इंजिनिअर तेवढे माझ्याबरोबर आले. घोटाभर पाण्यातून आम्ही बेटावर चढलो. तिथं हौसाक्काचा कलिंगडाचा मळा होता. साठीची बाई, मुलगा पलटणीत, सून लेकरं सांभाळायला घरी. दर उन्हाळ्यात ती या वाळूत वेल लावायची. घरटी कुठं आहेत ते मला तिनंच दाखवलं होतं. तिथं ती स्वतः पाय टाकत नसे.

इंजिनिअर सरळ पुढं निघाले तशी ती ओरडली, "आवं सायेब, थांबा! फुडं अंडी हायती!"

"कुठं आहेत?" असं विचारत त्यांनी पाऊल टाकलं.

बुटाखाली कच्च आवाज झाला. त्यांनी पाय उचलला, बुटाचा तळ पाहिला आणि वाळूत घासून पुसला. वर नदीसुरयांचा थवा कर्कश ओरडत आमच्या डोक्यांवर झेपावत होता.

"आता दिसली?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"मॅडम, सोमवारपासून ट्रक येणार आहेत," एवढंच ते म्हणाले.

मी काम रद्द करा म्हणत नव्हते. पिल्लं उडेपर्यंत थांबा, एवढीच मागणी होती. साधारण सहा आठवडे. काठावर परत येऊन मी साहेबांना तेच सांगितलं.

"तुम्ही सही करणार नाही?"

"नाही."

"मग मी करतो."

केलीही. माझ्या दोन पानांशिवाय 'हरकत नाही' निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी मी हौसाक्काला हे सांगायला गेले. ती वेलाला पाणी घालत होती. तांब्या खाली ठेवून तिनं विचारलं, "टरक येणार कुठनं?"

मी पाहिलं. पलीकडं खोल डोह. काठावरून गाडी उतरेल अशी उतरण एकच, आणि ती थेट तिच्या वेलांत उतरत होती.

"माज्याकडं पट्ट्याचा कागद हाय की, बाई. पाऊस लागंस्तवर ही वाळू माजी हाय."

तोच कागद घेऊन आम्ही दोघी तहसीलदारांकडं गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला.

"पक्ष्यांसाठी माझ्याकडे काही नियम नाही," ते म्हणाले. "पण पट्ट्याच्या जमिनीत उभं पीक असताना मी ट्रक घालू देणार नाही."

ट्रक थांबले. ज्येष्ठ लागता लागता पिल्लं उडाली. माझं शिक्षण, दुर्बीण, दोन महिन्यांच्या नोंदी यांनी जे झालं नाही ते कलिंगडानं झालं, असं मी ऑफिसात सगळ्यांना हसत सांगितलं. साहेबांच्याही कानावर घातलं. मोठा विजय वाटला होता तो.

पुढच्या वर्षी हौसाक्काला पट्टा मिळाला नाही. 'वाळूसाठी राखीव' असं उत्तर आलं. मी गेले तेव्हा मळ्याच्या जागी चाकोऱ्या होत्या. बेट निम्मं उरलं होतं. ती काठावर दुसऱ्याच्या उसात खुरपत होती.

"आक्का, माझ्यामुळं झालं हे."

"तुमच्यामुळं कशानं? कागद माजा हुता, म्याच दिला," ती खुरपं न थांबवता म्हणाली. "पर यंदा तुमी लिवून द्या की कायतरी. तुमी सरकारातल्या."

मी अर्ज लिहिला. तीनदा लिहिला. उत्तर आलं नाही. साहेबांना बढती मिळाली. माझी नोकरी शाबूत राहिली. मला स्वतःला काहीच झळ बसली नाही, याचा राग मला अजून येतो.

तिच्यासाठी अर्ज करताना जुना रिपोर्ट काढून पाहिला. पक्ष्यांची शास्त्रीय नावं अचूक होती. हौसाक्काचा उल्लेख एकाच ठिकाणी होता, 'एक स्थानिक शेतकरी स्त्री'. त्यानंतरच्या प्रत्येक रिपोर्टात मी पक्ष्यांच्या आधी तिथल्या माणसाचं पूर्ण नाव आणि जमिनीवरचा हक्क लिहीत गेले. वरिष्ठांनी ते बऱ्याचदा गाळलं. मग मी त्याची एक प्रत थेट तहसील कचेरीत देऊन पोच घ्यायला लागले.