पायरीवरचं मीठ

बर्फ किती सुंदर असतो ना, असं फोनवर कुणी म्हणालं की माझं डोकंच फिरतं. या की बाबांनो टोरांटोला, फेब्रुवारीत या, फावडं देते हातात, आमच्या पायऱ्या मोकळ्या करा आणि मग बोला. सुंदर दिसतो तो एक दिवस. मग गाड्यांनी तुडवून त्याचा काळा चिखल होतो, रात्रीत तो चिखल दगड होऊन बसतो, आणि अख्खं शहर मान खाली घालून जपून जपून चालतं. दुपारचा चहा होतो न होतो तोच अंधार पडतो.

मी शिरूरकडच्या केंदूरची. आमच्याकडं थंडी म्हणजे पहाटेची शेकोटी, आणि ऊन वर आलं की स्वेटर काढून कमरेला बांधायचा. इथली थंडी शिकायला मला दोन हिवाळे लागले. एकावर एक तीन कपडे, दोन मोजे, जड बूट. दूध आणायला जायचं तरी एवढा जामानिमा. नवरा पहिल्याच हिवाळ्यात बसस्टॉपवर घसरला आणि मनगट मोडून घेतलं. तेव्हापासून तो रोज झोपायच्या आधी आमच्या भाड्याच्या घराच्या लाकडी पायऱ्यांवर मीठ फेकायचा. जाडं खड्याचं मीठ, इथं ते पोत्यानं मिळतं. मीठ असलं की पाणी गोठत नाही, पायरी नुसती ओली राहते. ओली पायरी दिसली की बिनधास्त पाय टाकायचा, एवढं मला पाठ झालं होतं.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, औषधपाणी करून करून, मला दिवस गेले. सातवा लागला तशी आई आली. वडील गेल्यापासून ती केंदूरला एकटीच राहते. ओटी भरायची, बाळंतपण उरकायचं, बाळाला न्हाऊमाखू घालायचं आणि मगच परत जायचं, असं ठरवूनच ती विमानात बसली होती. बॅगेत डिंकाचे लाडू, बाळासाठी शिवलेली झबली, आणि वडिलांची घोंगडी. घर रात्रंदिवस तापलेलं, तरी ती घोंगडी पांघरून खिडकीशी बसायची.

"ह्यो गारठा न्हाई बाय," ती म्हणायची, "ह्यो कुणाचा तरी तळतळाट हाय."

मीठ फेकताना नवऱ्याला तिनं पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तर ती हबकलीच.

"आवं, मीठ पायाखाली तुडवता व्हय? सांडलेलं मीठ वर गेल्याव देव पापणीनं उचलाय लावतो!"

"मग माझ्या पापण्या काही शिल्लक राहत नाहीत, मामी," तो हसत म्हणाला. बर्फ पडतो ना, तो मिठानं विरघळतो, असं त्यानं तिला समजावलं. तिला ते पटलं. बर्फ पडला तर मीठ, एवढंच तिनं त्यातून घेतलं.

संक्रांतीला माझी ओटी भरायचं ठरलं. काळी साडी तिनं केंदूरहूनच आणली होती. त्या दिवशी सकाळी नवरा अंधारातच कामावर गेला. मी अर्धा दिवस ऑफिस करून येणार होते. आई नेहमीसारखी लवकर उठली, अंघोळ केली आणि दार उघडून पाहिलं, तर आभाळ स्वच्छ, लख्ख ऊन. पायऱ्यांवर बर्फाचा कण नाही. आता या शहरात आभाळ निवळलं की थंडी आणखी कडाक्याची पडते, हे तिला कसं ठाऊक असणार? आमच्याकडं ऊन पडलं म्हणजे थंडी सरली.

सणाचा दिवस, लेकीची ओटी, आणि दारात सडा नाही? केंदूरला टँकरच्या उन्हाळ्यातसुद्धा सड्यापुरता तांब्या ती बाजूला काढून ठेवायची. तिनं पायऱ्यांवरचं मीठ झाडून गोळा केलं, पायदळी यायला नको म्हणून एका पातेल्यात भरून ठेवलं. पाणी कोमट केलं, त्यात चिमूटभर हळद घातली, दारात उभं राहून हातानं सगळ्या पायऱ्यांवर सडा टाकला, आणि गुळपोळ्या लाटायला आत गेली.

"येते गं आई."

"लवकर ये. सावकाश जा."

मी दार ओढून घेतलं. पायऱ्या ओल्या दिसत होत्या.

पडल्याचं मला नीट आठवत नाही. आईची हाक आठवते. ती अनवाणी धावत आली, तीही घसरली, मग बसल्या बसल्या सरपटत माझ्यापर्यंत आली आणि अंगावरची घोंगडी माझ्या पोटावर घातली. हाताला कणीक तशीच होती.

मुलगी होती. गेली. पडल्यामुळेच गेली असं खात्रीनं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. सड्याचं पाणी पायऱ्यांवर गोठलं होतं, हे आईला नवऱ्यानंच सांगितलं. आवाज चढवला नाही, पण सांगितलं.  मी दवाखान्यातून घरी आल्यावर ती रोज सकाळी मिठाचं पोतं ओढत दाराशी न्यायची आणि दोन्ही ओंजळींनी मीठ फेकत राहायची. पायऱ्या पांढऱ्याफटक व्हायच्या. तरी थांबायची नाही.

मला तिचा राग आला होता. खोटं कशाला बोलू? आणि तिच्याच कुशीत तोंड खुपसून ओरडून रडावं असंही वाटायचं. दोन्ही एकदम. त्यामुळे मी काहीच केलं नाही. महिना संपायच्या आत ती परत गेली. झबली तिनं आपल्याबरोबर नेली.

मे महिन्यात मी एकटीच केंदूरला गेले. शिरूरच्या स्टँडवर उतरले तेव्हा डांबर पायाला चिकटत होतं. घरी पोचले तर अंगणात फुफाटा, पाचोळा. शेजारच्या चुलतीनं मला बाजूला घेतलं.

"तिकडनं आल्यापास्नं तिनं दारात सडा टाकला न्हाई बघ. इचारलं तर म्हणती, सुतक हाय. आगं, म्हणलं, बारा दिसांत फिटतं सुतक. तर तोंड फिरवून आत गेली."

दुसऱ्या दिवशी मी उशिराच उठले. ऊन पार उंबऱ्यापर्यंत आलं होतं. अंगण झाडलं, बादली भरली आणि मीच सडा टाकला. पाणी पडल्या पडल्या जिरत होतं. बादली रिकामी करून वळले, तर आई दारात उभी. चेहरा पांढरा पडलेला.

"हलू नगं," ती म्हणाली. "तितंच थांब."

ती आत गेली आणि चुलीजवळची मिठाची बरणी घेऊन आली. मग माझ्या पायापासून उंबऱ्यापर्यंत, त्या तापलेल्या मातीवर, मुठी मुठीनं मीठ टाकत गेली. बरणी रिकामी झाली तेव्हा तिनं हात पुढं केला.

"आता ये," म्हणाली. "सावकाश ये."