कुलपांच्या आळीत तिची खोली

‘तू गो खंयची?’ असं कोणी विचारलं की तिच्या हातातली सुई थांबत नसे. जाळं ताठ राहावं म्हणून ती ते पायाच्या अंगठ्यात अडकवून बसायची. तेवढा अंगठा सोडवायची, पडवीच्या जमिनीवर दोनदा आपटायची आणि म्हणायची, ‘हयची.’ मग अंगठा परत जाळ्यात. विचारणारा उभाच.

तुम्ही आमच्या बाजूला आला असाल तर तुम्हालाही कोणी ना कोणी हे विचारलं असेल. मूळ गाव, वाडी, बापाचं नाव कळल्याशिवाय आमच्या वेंगुर्ल्याच्या माणसाला जेवण जात नाही. आणि ती काही परमुलखातून आली नव्हती. आमच्या आळीतून किनारा पंधरा मिनिटं चालत. तिथे तिचा जन्म गेला, होड्यावाल्यांची फाटलेली जाळी सांधण्यात. पण आळीच्या लेखी ती ‘खालची’. खालून वर राहायला येणं म्हणजे जणू समुद्रच वर आला.

मी गवंडी माणूस. चौथीपर्यंत शाळा. हे सगळं माझ्या बायकोने सांगितलं असतं तर तुम्हाला ऐकायला बरं वाटलं असतं. तिला जाऊन तीन वर्षं झाली. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून वहीत लिहितो. मला गोड लिहिता येत नाही.

तर, ती आली ती जागा शोधत. भावाच्या घरात सून आली, तेव्हा हिची पथारी आधी पडवीत गेली, मग लाकडांच्या खोपीत. एक दिवस तिने वळकटी उचलली आणि आमच्या आळीत शिरली. प्रत्येक फाटकाशी उभी राहून एकच बोलणं, ‘एक खोली व्हयी. भाडा देतंय, भांडाण करूचंय नाय.’ सगळीकडून एकच उत्तर, ‘जागा नाय गो.’

जागा नाय! अर्धी आळी कुलपात. माणसं मुंबईला, गणपतीपुरती येणार. मोठमोठी घरं, आत अंधार. ती आळीच्या मधोमध उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘माणसांक जागा नाय, वटवाघळांक आसा!’

माझी बायको दारात तांदूळ निवडत होती. ती हसली. तिथेच सगळं ठरलं. शेजारच्या घराची किल्ली आमच्याकडे असायची. मालक मुंबईला. बायकोने त्यांना फोन लावला. ते म्हणाले, संध्याकाळी कोणी दिवा लावणार असेल तर राहू दे.

मी कडाडलो. खोटं कशाला सांगू? म्हणालो, ‘गो, लोक काय म्हणतले?’

बायको म्हणाली, ‘म्हणतले ता माका सांगूक सांगा. तुमी आयकू नकात.’

ती राहायला आली आणि पडवीच्या वाशाला जाळी लोंबायला लागली. हिरवी, निळी, खाऱ्या वासाची. चौथ्या दिवशी समोरचे मास्तर आले, शाळेतून निवृत्त झालेले. नाकाला रुमाल. ‘बाई, या वासाने आम्हाला राहणं कठीण झालंय.’ मास्तर रागावले की पुस्तकातलं बोलतात. ती म्हणाली, ‘मास्तरांनू, तुमच्या चुलीर बांगडो तळतत त्याचो वास हयसर येता. माका गोड लागता. मी कधी रुमाल लावलंय?’

मास्तर परत गेले, पण गप्प बसले नाहीत. त्यांनी तिला विहिरीवरून अडवलं.

आमच्या आळीची विहीर सगळ्यांची. नळ आहेत, पण उन्हाळ्यात नळाला वारा येतो. दरवर्षी वैशाखात विहीर उपसायची, गाळ काढायचा. नियम जुना. ज्या घरातला माणूस गाळ काढायला उभा राहील, त्या घराने वर्षभर पाणी भरायचं. मास्तरांनी तिला दिवसच कळवला नाही. वर म्हणाले, ‘तिच्याकडे पुरुष माणूस कुठे आहे?’ मी ऐकलं आणि विडी ओढत राहिलो. त्याची लाज अजून वाटते.

उपसायच्या दिवशी विहिरीवर जमलो कोण? आम्ही सगळे म्हातारे. तरणे पोरगे गोव्याला कामाला, मुंबईला. पंपाने पाणी ओढून झालं, खाली गाळ चकाकायला लागला आणि आम्ही एकमेकांची तोंडं बघत उभे. एकाची कंबर, एकाची साखर, माझे गुडघे. मास्तरांना तर चक्कर यायची.

तेवढ्यात पंपाचा आवाज ऐकून ती आली. कासोटा घट्ट मारलेला, डोक्याला फडकं. ‘कोण उतरता?’

आम्ही सगळे वाकून गाळाकडे बघायला लागलो.

‘मगे मी उतरतंय.’

‘बाईमाणूस विहिरीत उतरत नाही,’ मास्तर म्हणाले.

‘मगे तुमी उतरा. मी दोर धरतंय.’

मास्तर मागे सरले. मी अजून विचारच करत होतो. माझ्या बायकोने दोर माझ्या हातात कोंबला. ‘बघतास काय? धरा घट्ट. पडली तर तुमका जेवाण नाय.’

चिऱ्यांच्या खोबणीत पाय रोवत ती उतरली. दुपारपर्यंत खाली होती. आम्ही वरून घमेली ओढत होतो, ती खालून ओरडत होती. ‘ओढा रे, जेवलास नाय काय?’ गाळाबरोबर काय काय वर आलं. दोन तांबे, एक कढई, कोणाची तरी चप्पल. एका तांब्यावर मास्तरांच्या बापाचं नाव कोरलेलं होतं. मास्तरांनी तो धोतराने पुसला आणि काखेत धरून उभे राहिले.

ती वर आली ती काळीकुट्ट, नुसते दात पांढरे. दुसऱ्या दिवशी झऱ्यांचं पाणी साठल्यावर सकाळी पहिली कळशी विहिरीच्या कट्ट्यावर ठेवली ती तिची, निळी, प्लास्टिकची. मागून मास्तर आले. त्यांनी त्या कळशीकडे बघितलं आणि आपली कळशी वीतभर अंतर सोडून ठेवली. वीतभर का होईना, पण त्याच कट्ट्यावर.

अशी बारा वर्षं ती तिथे राहिली. माझी बायको आजारी पडली तेव्हा तिचे केस विंचरायला ही. मला जमायचं नाही, गाठी व्हायच्या. ही म्हणायची, ‘जाळ्याचे गाठी सोडवतंय, ह्या काय मोठा?’ बायको गेली. मी दार लावून बसलो. तिसऱ्या दिवशी दोन घरांमधल्या गडग्यावरून, त्या बुटक्या दगडी भिंतीवरून, हिचा आवाज. ‘ओ गवंडीनू! पेज ठेवलंय. खावा. रडूक पण अंगात ताकद लागता.’ दार उघडलं. गडग्यावर पेज आणि भाजून चुरलेल्या सुक्या बांगड्याचं किसमूर. ती पाठमोरी चाललेली.

मग शेजारचे मालक वारले. मुलांनी घर विकलं. घेणाऱ्याला तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. हिला दिवाळीपर्यंतची मुदत. मास्तर मला म्हणाले, ‘चला, आता भावाकडे जाईल बिचारी.’ ती पडवीतून ओरडली, ‘खंय जातंय? घर विकला, आळी विकूक नाय!’

आणि परत निघाली फाटकाफाटकाशी. तेच बोलणं, तीच कुलपं. जिने विहिरीचा गाळ काढला, तिला बारा वर्षांनी परत तेच उत्तर, ‘जागा नाय गो.’ माझं डोकं फिरलं. संध्याकाळी मी चिऱ्यांचा ट्रक सांगितला.

माझ्या घराच्या बाजूला, परड्यात, एका खोलीपुरती जागा होती. मुलगा फोनवर म्हणाला, ‘बाबा, लोक काय म्हणतील?’ हे वाक्य माझंच होतं, त्याच्या तोंडून ऐकताना फार घाण वाटलं. मास्तर फाटकाशी येऊन हळूच म्हणाले, ‘गवंडी, या वयात असं...’

मी म्हणालो, ‘मास्तर, या वयात माका खोकलो येता. दुसरा काय येणा नाय.’

सहा वर्षांनी मी हातात थापी घेतली होती. रोज दोन थर. चिरा उचलायला कंबर साथ देईना, तर ही एका बाजूने धरायची. आणि बोलणं चालूच. ‘दरवाजो आळीकडे काढा. मागच्या दारान जाणारी बाय मी न्हय.’ मी म्हणालो, बरं. ‘खिडकी तुमच्या बाजूक नको. तुमचो खोकलो कोण आयकतलो?’ मी म्हणालो, बरं. बायको गेल्यापासून मी कोणाला इतक्या वेळा बरं म्हटलं नव्हतं.

खोली एकच, कौलारू, पुढे हातभर पडवी. दिवाळीच्या आधी ती राहायला आली. दोन पावसाळे राहिली.

या माघात एका सकाळी पडवीत जाळं होतं आणि ती भिंतीला टेकून बसलेली. मी माझ्या दारातून दोनदा हाक मारली. उत्तर आलं नाही, तेव्हाच कळलं. तिने उत्तर दिलं नाही असं कधी झालंच नव्हतं.

भावाच्या मुलाने अग्नी दिला. आळी सगळी आली. मास्तरांनी खांदा दिला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, त्यांनी माझ्याकडे.

गेल्या महिन्यात नगरपरिषदेचा माणूस आला, घरांची नोंद करायला. कोवळा पोरगा, हातात फॉर्म. ‘आजोबा, ही नवी खोली कोणाची?’

मी तिचं नाव सांगितलं.

‘बोलवा त्यांना.’

‘वारली.’

त्याने पेन खाली केलं. ‘मग त्यांचं नाव नाही घालता येणार. जागा तुमची, खोली तुमची.’

‘माझा घर ता शेजारचा. ही तिची.’

‘आजोबा, कागदावर तसं होत नाही.’

‘मगे तुझ्या कागदार काय घालूचा ता घाल, झिला.’

त्याने माझं नाव घातलं आणि गेला. त्याचा दोष नाही.

मी उठलो. घमेल्यात थोडं सिमेंट कालवलं, स्टुलावर चढलो. दरवाजाच्या वर हातभर पट्टी ओढून गुळगुळीत केली आणि ओली असतानाच खिळ्याने तिचं नाव लिहिलं. बापाचं नाही, भावाचं नाही, नुसतं तिचं. मुलगा म्हणतो, मेलेल्या बाईचं नाव दारावर असलं तर खोलीत पर्यटक कोण राहील? नको राहू दे.

संध्याकाळपर्यंत सिमेंट धरलं. आता ते नाव काढायचं तर भिंत फोडावी लागेल, आणि भिंत मी बांधलेली आहे.