पांढरकवड्याची शर्यत आणि कमलकाकूंचं फडकं

पांढरकवड्याला दहा किलोमीटरची शर्यत आहे, येतेस का, असा रेखाचा फोन आला तेव्हा मी आधी रस्ता विचारला. रेखा माझी शाळेतली मैत्रीण, आता तिथेच राहते. "बोरगाव फाट्याच्या पुढं जायचं अन् वापस," एवढंच ती म्हणाली. बोरगाव माझं माहेर. तीन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हापासून मी तिकडे फिरकलेले नाही. बाबा तर आधीच गेले. भाऊ नागपूरला असतो, घराला कुलूप. जायचं तरी कुणाकडे?

तरी हो म्हणाले, ते मेडलसाठी. मी पन्नाशीला टेकलेली, यवतमाळात रोज सकाळी पळणारी बाई. आजवर दोन शर्यती पळाले आणि दोन्ही वेळा मी पोचले तेव्हा मांडववाले खुर्च्या गोळा करत होते. इथे दीड तासाच्या आत येणाऱ्या प्रत्येकाला मेडल होतं. घरी भिंतीवर एक खिळा मी आधीच ठोकून ठेवला होता. नवरा रोज त्याच्याकडे बघून हसायचा. फाट्यावरून मान खाली घालून निघून जायचं, हेही मनाशी पक्कं केलं होतं.

यवतमाळहून एसटीनं अडीच तास धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा घ्या. करंजीपर्यंत रस्ता हाडं खिळखिळी करतो. पुढे हैदराबादचा मोठा रस्ता लागला की छान डुलकी लागते. वेळ असेल तर केळापूरच्या जगदंबेचं दर्शन घ्या, गावाला लागूनच आहे. जानेवारीत गेलात तर तुरीच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडलेल्या मिळतात, त्या सोडू नका. शर्यतीच्या आदल्या रात्री तिखट खाऊ नये म्हणतात. रेखाच्या हातचा ठेचा आणि ज्वारीची भाकर समोर आल्यावर मी हा नियम विसरले.

सकाळी शाळेच्या मैदानावर हाडं गोठवणारी थंडी होती. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं शिट्टी वाजताच दिसेनाशी झाली. मागे उरलो आम्ही हौशी लोक. रेखा आणि मी गप्पा मारत, एका लयीत निघालो. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या, मधे कापसाची शेतं, रस्त्यावर धुकं. जाताना फाट्यावर चिटपाखरू नव्हतं. सुटले, असं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं. आई हयात असताना माझी एसटी यायच्या आधी ती तिथे येऊन उभी असायची.

परतताना मात्र चांगलं उजाडलं होतं. फाट्यावर पाच-सहा बाया कापूस वेचायला निघालेल्या. मी मान खाली घातली.

"अवं, हे तर आपल्या सुमीची पोरगी व्हय ना? थांब ना वो! काहून पयून राह्यली? कोनी मांगं लागलं काय?"

कमलकाकू. आमच्या शेजारची. आईची आणि तिची जन्माची मैत्री.

"शर्यत आहे काकू, टाइम संपून राह्यला. येईन नंतर."

"नंतर कवा? तीन सालं झाले." तिनं माझा हात धरला. "चाल तं मायचीच हाय."

मी पळत होते, त्याला काकू चाल म्हणाली. माझा वेग पाहता तिचं फार चुकलं नव्हतं.

"गावची लेक गावातून रिकाम्या ओटीनं जाते काय? सूनबाई, जा वो, घरून तांदूळ अन् नारळ घेऊन ये."

आता घर तिथून जवळ असलं, तरी सूनबाई चालत जाणार, चालत येणार. मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. वेळेत पोचण्याइतकी मिनिटं अजून हातात होती. रेखाला म्हटलं, तू हो पुढे. ती गेली. मीही हात सोडवून जाऊ शकत होते. पण स्वतःच्या कपाळाचं कुंकू बोटानं माझ्या कपाळावर लावताना काकू हळूच म्हणाली, "माय नाई म्हून का गाव नाई तुले?" आणि माझे पाय तिथेच थांबले. भर रस्त्यात, ट्रॅक पँटवर, मी रडले.

नारळ आला. ओटी कशात भरणार? "पदर कुठं हाय तुहा?" बाया हसायला लागल्या. मग काकूनं कापूस वेचताना कमरेला बांधायचं स्वतःचं फडकं सोडलं, माझ्या कमरेला बांधलं आणि त्यात ओंजळीनं तांदूळ घातले. वर नारळ. "बाई, फडकं वापस आणून देजो. मले वेचनीले लागते."

राहिलेलं अंतर मी पोटाशी नारळ धरून पळाले. जमलं तेवढं पळाले आणि उरलेलं चालले. मैदानात पोचले तेव्हा खुर्च्या गोळा होत होत्या. माइकवाल्या दादांनी माझ्या कमरेकडे पाहिलं आणि विचारलं, "ताई, मेडलचा टाइम तं संपला. पन हे काय जिंकून आनलं?" रेखानं माझ्यासाठी तर्री पोह्यांची एक प्लेट झाकून ठेवली होती. ती मी मांडवाच्या खांबाला टेकून संपवली.

घरी आल्यावर नवऱ्यानं खिळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तांदळाची खीर केली, नारळ फोडला, शेजारी प्रसाद दिला. मेडल नाही याचं वाईट वाटलं का? वाटलं, थोडा वेळ. नंतर फडकं धुवायला घेतलं. शिवणीत कापसाचे दोन-तीन तंतू अडकले होते, ते काढले नाहीत.

आता ते खिळ्यावर वाळत घातलंय. रिकामं परत द्यायचं नसतं, म्हणून तिळाचे लाडू वळून ठेवलेत. काकूला वेचणीला लागतं, उशीर करून चालणार नाही. येत्या रविवारी जातेय. पळत नाही, एसटीनं, बोरगाव फाट्यावर उतरून.